सगळे हजर

"वीस वर्षं इथं झिजतोय. फाटकावरचं कुत्रंसुद्धा शेपूट हलवतं, आणि हा म्हणतो ओळख पटत नाही," चित्रकलेचे सर माझ्या कानाशीच पुटपुटले. हजेरीचा टॅब त्यांनी दाढीच्या आरशासारखा तोंडासमोर धरला होता. चष्मा काढून बघा, मी सुचवलं. चष्मा काढल्यावर यंत्राला सर दिसले, पण सरांना यंत्र दिसेना. शेवटी त्यांच्या वर्गाची हजेरी माझ्याच बोटाने लागली.

ती सव्वाआठच्या आत लागावी लागते. लागली की मुख्याध्यापिकेच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर आपल्या वर्गाचा चौकोन हिरवा होतो. दोन-तीन मुलं नसली तर पिवळा, आणि एखादं मूल सलग गैरहजर राहिलं तर लाल.

ही मुख्याध्यापिका एके काळी माझी विद्यार्थिनी. आता मी तिला चारचौघांत "मॅडम" म्हणते, ती मला "बाई" म्हणते, आणि दोघींनाही ते अजून अंगवळणी पडलेलं नाही. काम मात्र चोख. गळकं छत नीट करून घेतलं, कुलूपबंद प्रयोगशाळा उघडली. तिच्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण हा पडदा आला तसे आम्ही तिच्या चेहऱ्याकडे कमी आणि तिच्या भिंतीकडे जास्त बघायला लागलो. ती स्वतःही.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. आम्ही तिला प्रश्नपेटी म्हणायचो. शून्याने भागायचं नाही हे कुणी ठरवलं, त्याला विचारता येईल का, असले प्रश्न. तास संपला तरी ही टेबलाशी उभीच. मी वैतागायचे, आणि घरी जेवताना सासूबाईंना रंगवून सांगायचे. सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण त्या घास हातात धरून ऐकायच्या.

एके दिवशी ती आली नाही. मी गैरहजर लावली. टॅबने कारण विचारलं: आजारी, परगावी, घरगुती कार्यक्रम. "माहीत नाही" असा पर्याय त्यात नव्हता. मी आजारी लावलं. आठवडा झाल्यावर चौकोन लाल झाला आणि टॅब डॉक्टरांचा दाखला मागू लागला. मुख्याध्यापिकेने बोलावलं, रागावली वगैरे नाही. म्हणाली, बाई, हे आपोआप वरच्या कार्यालयात जातं, तेवढं बघा. घरच्यांना कळवलंय का? मी टॅब दाखवला. तिथे लिहिलं होतं, संदेश पोहोचला. कुणाला पोहोचला ते लिहिलं नव्हतं. त्या नंबरावर फोन केला तर तो बंद.

दुसऱ्या दिवशी मी "सगळे हजर" हे बटण दाबलं. चौकोन हिरवा झाला आणि सगळं शांत झालं.

आमच्या शिक्षकखोलीत याला "बसवणं" म्हणतात. तुमच्याकडे किती बसवलेत, असं चहा पिताना सहज विचारतात. चित्रकलेच्या सरांच्या वर्गात दोन होते. पूर्वी कागदी हजेरीपट होता तेव्हा तीन दिवस मूल दिसलं नाही की शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घराकडे वळायचो. पायाला सवय होती. आता कळवायचं काम टॅब करतो, म्हणून कुणी जात नाही. खोटं यंत्र बोलत नव्हतं, मी बोलत होते. पण यंत्रामुळे मला चालावं लागत नव्हतं, हेही खरं. एकदा मुख्याध्यापिका माझ्या वर्गावर येऊन गेली. तिसऱ्या बाकावरची रिकामी जागा तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फळ्यावरचं अक्षर सुंदर आहे म्हणाली.

घरी सासूबाई रोज विचारायच्या, "आज काय म्हणाली गं तुझी प्रश्नपेटी?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून. मग सांगायचं राहूनच गेलं. मी तिचे प्रश्न स्वतःच तयार करायला लागले. स्वयंपाक करता करता उद्याचा प्रश्न जुळवायचा. असे पंधरा दिवस गेले असतील. एके दिवशी सासूबाईंनी ताटात बोट फिरवत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हल्ली ही मुलगी तुझ्यासारखं बोलते गं. तिला बरं नाही का?"

मी पाणी आणायला उठले.

परवा महिनाअखेरची बैठक होती. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर प्रमाणपत्रं मांडली होती. महिनाभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांची यादी टॅबनेच काढली होती, छापूनही तशीच आली होती. वरच्या कार्यालयाचे लोक शनिवारी येणार, मुलांना रांगेत बसवायचं, कुणी कुठे ते ठरवायचं होतं. ती एकेक नाव वाचत होती. माझ्या वर्गाच्या गठ्ठ्यात तिसरंच नाव प्रश्नपेटीचं निघालं.

"हिला अगदी पुढे बसवू या," मुख्याध्यापिका म्हणाली. "बोलकी आहे."

विज्ञानाच्या बाई पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. चित्रकलेचे सर प्रमाणपत्राच्या वेलबुट्टीकडे बघून म्हणाले, हिरवा जरा गडद चालला असता. मुख्याध्यापिकेने पुढचं नाव वाचलं नाही. तो कागद तिच्या हातातच होता आणि ती तो सरळ असूनही सरळ करत होती. मला कळलं, ती थांबली आहे. पण विचारणार नाही. विचारलं तर तिचीही भिंत लाल होणार होती.

मी उभी राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं.

"ती येत नाही. सव्वा महिना होऊन गेला. हजेरी मी लावते," मी म्हणाले. मुख्याध्यापिका मान वर करेना, म्हणून मी तिला वर्गात हाक मारायचे तशी हाक मारली, एकेरी. मग तिने पाहिलं.

"आणि ती राहते कुठे, ते मला माहीत नाही."