आत असतानाच वाचा

मी थर्मामीटर बोलतोय. डॉक्टरांच्या पिशवीतला नव्हे, कॉलेजच्या रसायनशाळेतला. शून्य ते एकशेदहा अंश, पोटात पारा. तक्रार करतोय असं समजू नका. मला आता फारसं काही वाटत नाही.

भट्टीशेजारी एका कारागिराने मला फुंकून घडवलं, पारा भरला आणि तोंड बंद केलं. बर्फात बुडवून एक खूण केली, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून दुसरी. एवढंच माझं शिक्षण. तिथून मी मामांच्या हाती पडलो. मामा म्हणजे इथले लॅब असिस्टंट. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं.

पाण्यात कॉस्टिक सोडा टाकला की मी चढतो, नवसागर टाकला की उतरतो. मुलं एक चूक हमखास करतात. मला पाण्यातून काढतात, खिडकीशी नेतात आणि एक डोळा मिटून वाचतात. मामा लांबूनच ओरडायचे, "अरे शहाण्या, आत असतानाच वाच. बाहेर काढलास की तो खोलीचं सांगायला लागतो. ज्याच्या शेजारी बसेल त्याचं गाणं गाणारा गडी आहे तो."

खरं आहे ते. मी दुसऱ्या कुणाचं तापमान सांगतच नाही, माझंच सांगतो. गरम वस्तू गाराला उष्णता देत राहते, दोन्ही सारखी होईपर्यंत. तेवढा वेळ मला दिला, तर माझं आणि समोरच्याचं एक होतं. डॉक्टरांच्या थर्मामीटरचा गळा एका जागी आवळलेला असतो, त्यामुळे चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. माझा गळा सरळ आहे.

मामांची मुलगी ठकी सात वर्षांची असताना तापली. घरातला थर्मामीटर फुटला होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मामा मला खिशात घालून घरी घेऊन गेले. ठकीला उजेड सोसवत नव्हता, पडदे ओढलेले होते. मामांनी मला तिच्या काखेत ठेवलं. मी चाळीसच्या पुढे गेलो. असलं तापलेलं पोर मी कधी पाहिलं नव्हतं.

अंधारात मामांना आकडे दिसेनात. त्यांनी मला बाहेर काढलं, स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं, माझ्यावरचा घाम पुसला आणि चष्मा शोधला. तोवर मी साडेसदतीसवर आलो होतो.

"कणकण आहे नुसती," मामा म्हणाले.

"हाताला फार गरम लागतंय हो," ठकीची आई म्हणाली. "दाखवून आणू या."

"हाताचं काय खरं? काच खोटं बोलत नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. मी त्या खिडकीचं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी ठकीला झटके आले. मेंदूज्वर होता. "कालच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. पोर वाचली, डावा कान कायमचा गेला.

आठवडाभराने मामा कामावर आले. एका मुलाने मला पाण्यातून बाहेर काढलं. "अरे, बाहेर काढलास की..." एवढं म्हणून मामा थांबले. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. खणात मी नऊ वर्षं होतो. तिथलं तापमान फारसं बदलत नसे, मला ते बरं वाटे.

यंदा ठकी याच कॉलेजात आली. परवा प्रॅक्टिकलला थर्मामीटर कमी पडले, तिने खण उघडला आणि मला घेतलं. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला, मी चढलो. मग तिने मला बाहेर काढलं आणि खिडकीकडे निघाली.

"आत असतानाच वाच," मामा हळूच म्हणाले. ते तिच्या डाव्या बाजूला होते. तिला ऐकू गेलं नाही. मामा वळसा घालून उजवीकडे गेले आणि पुन्हा म्हणाले.

"का बाबा? बाहेर काढलं तर काय होतं?"

"उतरतो तो." मामांनी ओट्याला हात टेकला. "तू आजारी होतीस ना, तेव्हा मी यालाच बाहेर काढून वाचलं होतं. तुझा ताप मला कमी दिसला."

ठकीने मला डोळ्यांसमोर धरलं. तिच्या हाताची ऊब मला लागत होती.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"ती अजून स्वतःलाच बोल लावते. म्हणते, हात सांगत होता, पण मी तुझ्या बाबांपुढे रेटून बोलले नाही."

मामांनी चष्मा काढून पुसला.

"आज तिला सांगा," ठकी म्हणाली. "जेवताना. आणि माझ्या उजवीकडे बसा, मलाही नीट ऐकू आलं पाहिजे."

तिने मला परत पाण्यात सोडलं. मामा शेजारीच उभे राहिले.

माझं मागणं एवढंच आहे, मला आत असतानाच वाचा आणि थोडं थांबा. बाहेर काढलंत तरी मी खरंच सांगेन, पण ते तुमच्या कामाचं नसेल. परवा ते दोघं थांबले. तोवर पाणी बरंच निवलं होतं. जेवढं उरलं होतं, तेवढं मी सांगितलं.