ठकूबाईंच्या खाचरातलं शूटिंग

ज्ञानेश्वर सरांनी जुन्नरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. कॅमेऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल निदान त्यांना तरी शंका नव्हती. म्हणून तर एका संस्थेने त्यांना तळेघरच्या मुलांना व्हिडिओ शिकवायला नेमलं. आता संस्थेच्या सोनल मॅडमनी निरोप धाडला होता: शनिवारी मुलांनी केलेली फिल्म दाखवा, नाहीतर वर्ग बंद आणि टॅब परत. मुलं त्या एका टॅबवर जीव टाकायची.

नववीतल्या आरतीने आपल्या आजीची, ठकूबाईंची, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, टिपायचं ठरवलं. पण खाचराच्या बांधावर तिचा हात हलतोय असं वाटून सरांनी टॅब स्वतःच्या हातात घेतला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ‘ॲक्शन’ म्हणत त्यांनी लाल बटण दाबलं, आणि खात्री असावी म्हणून पुन्हा एकदा दाबलं.

“कट!” म्हणत सरांनी पुन्हा बटण दाबलं. “आजी, उजेड चुकला. ते रोप काढून परत लावा.”

ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “रोप एकदा लावलं की लावलं, मास्तर. तुमच्या खेळापायी उपटायचं न्हाई. लई घाई आसंल तर उतरा खाली, तुमीच लावा.”

सर बूट काढून उतरले आणि दुसऱ्याच पावलाला चिखलात बसले.

शाळेत आरतीने टॅब उघडला. सरांच्या त्या खात्रीमुळे सगळं उलटं झालं होतं. ‘ॲक्शन’ला शूटिंग बंद, ‘कट’ला चालू. आवणी नावालाही नव्हती. होती फक्त ठकूबाईंची बोलणी, आकाश आणि सरांचे चिखलातले पाय. सरांना रडू यायचं बाकी होतं. आरतीने मात्र तुकडे जोडले.

शनिवारी फिल्म बघून मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, “शूटिंग मुलांनीच केलं ना?”

सर्व मुलं सरांकडे बघायला लागली. ‘हो’ म्हटलं की सुटलो, हे सरांना कळत होतं.

“शूटिंग माझं,” ते म्हणाले, “तेही चुकून. फिल्म केली आरतीने.”

मॅडमनी एका कागदावर दोन ओळी लिहून तो सरांपुढे सरकवला. “वर्ग चालू राहील. एकच अट. टॅबला सरांनी हात लावायचा नाही.”

इतक्या आनंदाने सरांनी आजवर कशावरच सही केली नव्हती.