घोंगडीवरचं रक्त

थोरला त्रिंबक माळावरनं परतलाच नव्हता. धाकटा मुंजाबा करमाड गावभर सांगत फिरत होता की भाऊ कुठंतरी निघून गेलाय, आणि वच्छलाबाई त्या लेकावर विश्वास ठेवायला जिवाचा आटापिटा करत होती. दोघांचं भांडण तिनं ऐकलं होतं. मुंजाबाला मेंढरं विकायची होती, त्रिंबकला नव्हती.

मुंजाबानं कुऱ्हाड घासली होती, कपडे जाळले होते. पण त्या वेळी अंगावर असलेली घोंगडी बिरोबा देवाला वाहिलेली, तिला पाणी लावायचं नाही हा घरचा नेम. भावाला तोडताना त्या मेल्याचा हात अडला नाही, नेम मोडायला मात्र छाती झाली नाही! घोंगडीवरचे डाग बघणाऱ्या पोलिसांना म्हणाला, “देवाच्या बकऱ्याचं रगत हाय.”

रक्ताची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई वच्छलाबाईच्या ओट्यावर टेकल्या. “मावशी, बकरं काय, माणूस काय, पेशीतल्या डीएनएत चारच घटक. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. चार रंगांचे मणीच समजा. फरक ओवण्यात असतो. घोंगडीवरचं रक्त माणसाचं आहे, आणि ते मुंजाबाचं नाही. त्रिंबकचं आहे का, ते तुमच्या रक्ताशी ताडून कळेल. लेकराची निम्मी माळ आईची असते.”

“दोघांची बी?”

“दोघांचीही.”

रक्त द्यायला दवाखान्यात या, असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या. रक्त द्यावं तर उरलेला लेकही जाणार. न द्यावं तर त्रिंबक कोल्ह्याकुत्र्यांचा, त्याला कुणीच नाही. रात्रभर वच्छलाबाई रडली, दोघांनाही शिव्या घातल्या, आणि सकाळी चपला घातल्या.

दारात मुंजाबा आडवा झाला. “दवाखान्यात जायचं नाय, माय.”

“सरक.”

“मी बी तुझाच ना?”

“व्हय. म्हणूनच लई दुखतंय.”

त्यानं काठी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसऱ्यानं कपाळ फुटलं. ती कोसळली तरी तो थांबेना, बरगड्यांत लाथा घालत राहिला. शेजारच्या सांडूनं मागून मिठी घालून त्याला खाली आपटलं, गुडघा छातीवर रोवला आणि त्याच्या तोंडावर गुद्दे हाणले.

वच्छलाबाई भिंत धरून उठली. पदर कपाळाला दाबत दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई टाक्यांसाठी धावल्या, तर तिनं त्यांचा हात धरला.

“टाके मागनं घाला. आधी हे रगत त्रिंबकसाठी घ्या. मला सुईची लई भीती वाटत होती, बाई. धाकट्यानंच काढून दिलं.”