किती पुस्तकं चालतील?

चष्मेवाल्याने आठवं पुस्तक ढिगावर ठेवलं आणि ढीग एकदम डावीकडे कलला. त्याने तो हनुवटीने सावरला, दोन्ही हातांनी सरळ केला आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे असं पाहिलं, की जणू ही सगळी पुस्तकं त्यांनीच लिहिली होती.

"आज ठरव बाबा एकदाचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर, त्यामुळे दुखणं उगाच लांबवलेलं त्यांना खपायचं नाही. "गेल्या रविवारी तीन वटवाघळं मारायला आपल्याला चार तास लागले. खरी असती तर म्हातारपणाने मेली असती."

रविवारी चष्म्याचं दुकान बंद असे आणि मागच्या खोलीत सकाळी दहापासून चौघांचा खेळ चाले. फासे, कागद, पेन्सिली आणि प्रत्येकाचं एक पात्र. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी जादूगार. गोष्ट चष्मेवाला रचायचा, आपलं पात्र त्या गोष्टीत काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. नियमांचं मूळ पुस्तक एकच, तेही बेताचं. पण पुढे पुरवण्या निघत गेल्या. एकीत नवे मंत्र, दुसरीत नवी शस्त्रं, तिसरीत नव्या जमाती, चौथीत पहिल्या तिघींच्या दुरुस्त्या. अशा सात झाल्या, आणि कुणी साधी ओढ्यावरून उडी मारतो म्हटलं तरी तिघं तीन पुस्तकं चाळत बसू लागले. जुनी गोष्ट, खेळाच्या भाषेत मोहीम, गेल्या रविवारी संपली होती. आज नवी सुरू व्हायची होती, आणि तिच्यात किती पुरवण्या चालतील हे सांगणं खेळ चालवणाऱ्याचं, म्हणजे चष्मेवाल्याचं काम होतं.

त्याच्या मनाला विचाराल तर एकही नाही. तो पार कंटाळला होता. हा खेळच सोडून द्यावा आणि रविवारी शहाण्या माणसासारखं झोपावं, असं त्याच्या मनात दोनदा येऊन गेलं होतं. पण त्याचं घोडं अडत होतं ते पाचव्या पुरवणीपाशी.

पाचव्या पुरवणीत होता सावल्या विणणारा जादूगार. तो मुळात दादाचा. दादा म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात थोरला. हा खेळ मांडला तोच त्याने. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. महिन्याभराने त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी, त्या जादूगाराचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आल्या आणि दादाच्या खुर्चीत बसल्या. तेव्हापासून जादूगार त्याच खेळायच्या. दादाचं अक्षर पुसायला नको म्हणून खेळात झालेल्या जखमांची नोंदसुद्धा वेगळ्या चिठ्ठीवर करायच्या. आता पुरवण्या बंद केल्या तर जादूगार बंद. पाचवी तेवढी ठेवावी, तर चौथा गडी लिफ्टवाला तिसरी मागणार, कारण त्याचा अर्धकासव योद्धा तिसरीतला. त्याला तिसरी दिली की बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

लिफ्टवाला आणि वहिनी एकदमच आले. लिफ्टवाला हातातली थैली टेबलावर ठेवत म्हणाला, "आठवी पुरवणी येतेय पुढच्या महिन्यात. मी सांगून ठेवलीय."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले.

वहिनींनी पाकिटातून कागद काढला, तळहाताने हलकेच सपाट केला. चष्मेवाल्याने तेवढं पाहिलं आणि रात्रभर घोकलेलं ‘एकही नाही’ त्याने गिळून टाकलं.

"तर नव्या मोहिमेत," तो म्हणाला, "सगळी पुस्तकं चालतील."

"झकास!" लिफ्टवाला म्हणाला.

"का?" वहिनींनी विचारलं.

असं कुणी विचारेल हे चष्मेवाल्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "नाही, म्हणजे... तुमचा जादूगार पाचवीतला ना."

टेबलाखालून डॉक्टरीणबाईंनी त्याला लाथ मारली. जरा उशिराच. वहिनी एकदा त्या ढिगाकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे हा एवढा ढीग माझ्यासाठी ठेवलाय?"

आता ह्या कागद उचलणार आणि पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, असं चष्मेवाल्याला स्पष्ट दिसलं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "मला तो जादूगार कधी जमलाच नाही हो."

"काय?"

"दर शनिवारी दुपारी मी ती पाचवी पुरवणी घेऊन बसते. अमुक सावली तमुक सावलीला जोडली तर काय होतं, पाठ करते, आणि रविवारी इथे येईपर्यंत सगळं साफ. अक्षरं नुसती पळतात. मला वाटलं, नंबर वाढला. तुमच्याकडूनच चष्मा नवा करून घेतला."

तो चष्मा चष्मेवाल्याला आठवला. नंबर जेमतेम पाव वाढला होता, आणि तसं त्याने तेव्हा सांगितलंही होतं.

"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कशी बोलणार? मी मंत्र म्हटला की तुम्ही तिघं माझ्याकडे असे बघायचात... मला वाटलं, तुम्हाला तो हवाय. तुमच्यासाठी म्हणून मी आपली रेटत होते."

लिफ्टवाल्याने एक फासा उगाचच उचलला आणि परत ठेवला. चष्मेवाल्याला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं चौघांनी मिळून एक ओझं उचललं होतं, आणि ते कुणाचंच नव्हतं. त्याचा जीव असा भांड्यात पडला की तो खुर्चीत मागे रेलला आणि मोठ्याने म्हणाला, "एकच पुस्तक. मूळ. पुरवणी एकही नाही."

"आणि माझा कासव?" लिफ्टवाला ओरडला.

"गेली दोन वर्षं एक पाऊल टाकायला तो तीन पानं घेतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाऊ दे त्याला पाण्यात."

लिफ्टवाला थोडा वेळ धुसफुसला. मग मूळ पुस्तक स्वतःकडे ओढून योद्ध्याचं पान शोधू लागला. सापडायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि त्याचाच त्याला अचंबा वाटला.

"तुम्ही कोण होणार, वहिनी?" चष्मेवाल्याने कोरा कागद पुढे सरकवत विचारलं.

"चोर," वहिनी म्हणाल्या. विचार आधीच झालेला दिसत होता. "आठवडाभर मी शाळेची बस चालवते. पोरं मोजा, सिग्नल पाळा, हॉर्न वाजवू नका. रविवारी तरी मला चोऱ्या करू द्या."

त्यांनी पेन्सिलीने कागद भरायला घेतला. दोनदा चुकलं, दोनदा खसाखसा खोडलं. जादूगाराचा कागद शेजारीच पडून होता. शेवटी लिफ्टवाल्यानेच विचारलं, "मग ह्याचं काय करायचं?"

"मारू नका," वहिनी पटकन म्हणाल्या. "लढाईबिढाईत नको."

चष्मेवाल्याने मान हलवली. तो आपल्या गोष्ट सांगायच्या आवाजात म्हणाला, "पहाट झालीय. तुम्ही सगळे धर्मशाळेत झोपलेले आहात. जादूगाराचं अंथरूण रिकामं आहे. काठी नाही, झोळी नाही. दार नुसतं लोटलेलं आहे."

"असा न सांगताच गेला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा चिरकला.

"मला सांगून गेलाय," वहिनी म्हणाल्या. "मी चोर आहे. मी जागीच असते."

त्यांनी चिठ्ठीवरची जखमांची नोंद खोडली, चिठ्ठी कागदाबरोबर पाकिटात घातली आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

"आणि जाताना ओला टॉवेल माझ्या अंथरुणावर टाकून गेलाय," त्या म्हणाल्या. "शंभरदा सांगून झालं."

आधी लिफ्टवाल्याच्या नाकातून आवाज फुटला, मग डॉक्टरीणबाईंना आवरेना. चष्मेवाला तर पोट धरून हसला. दादाच्या नावाने त्या खोलीत दोन वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

"बरं," फासा हातात घेत वहिनींनी विचारलं, "ह्या धर्मशाळेत उचलण्यासारखं काय काय आहे?"