मटारच्या पिशवीखालचा पराग

दिल्लीत नजफगढजवळच्या एका लहानशा बियाणे केंद्रात हेमलता सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. तिथे बिनबियांच्या कलिंगडाचं काम चालायचं. कलिंगडाचा पराग क्ष-किरणांखाली धरला की दुबळा होतो. तो मादी फुलाला लावला तर फळ धरतं, बी धरत नाही. मागच्या एप्रिलमध्ये उरलेला असा पराग तिने वाळवून, छोट्या नळ्यांत भरून केंद्राच्या फ्रीझरमध्ये ठेवला होता.

जानेवारीत सुधन्वा हा तरुण शास्त्रज्ञ रुजू झाला. जन्म दिल्लीतलाच, पण घरचं मराठी शाबूत.

"ताई, हा जुना पराग टाकून द्या. ताजा मिळतोच ना, जागा कशाला अडवायची?"

"हो सर," हेमलता म्हणाली, पण तिला तो टाकवेना. ती नळ्या बर्फाच्या डब्यात घालून सरकारी क्वार्टरमधल्या आपल्या घरी घेऊन आली. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली तिने त्या ठेवल्या.

"हे काय?" नवऱ्याने, गुणवंतने विचारलं.

"औषध आहे. हात लावू नकोस."

दोघांशीही खोटं बोलल्याचं तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

एप्रिलमध्ये वेली फुलल्या आणि नेमकं किरणांचं यंत्र बंद पडलं. सुटा भाग यायला महिना लागणार होता. बहर तोवर थांबणार नव्हता. सुधन्वा शेताच्या कडेला उभा राहून फोनवर फोन करत होता. हेमलता जवळ गेली.

"सर, मी तुमचं ऐकलं नव्हतं." तिने सगळं सांगून टाकलं.

त्याने फोन खिशात टाकला. "केंद्राची वस्तू घरी नेलीत?"

"नेली. चूक झाली."

"...जिवंत असेल?"

"बघूया की."

दुसऱ्या दिवशी तिने साखरेच्या द्रावणाच्या थेंबात चिमूटभर पराग टाकला. तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दहातल्या चार कणांना केसासारखी बारीक नळी फुटली होती. पराग जिवंत होता.

"अरे यार!" सुधन्वा म्हणाला, आणि ओशाळला. "सॉरी, ताई."

आदल्या संध्याकाळी कागदी पिशव्या बांधून झाकलेली मादी फुलं ते दोघं पहाटे उघडत गेले. हेमलता ब्रशने पराग लावी, सुधन्वा पिशवी पुन्हा बांधी. आठवडाभरात साठ फुलं झाली. त्यांतली एकोणीस धरली.

जूनच्या सुरुवातीला फळं कापली. गर लालभडक, बियांच्या जागी नुसत्या मऊ पांढऱ्या साली. एका फळात मात्र काळ्या बिया निघाल्या. कुठून तरी मधमाशी शिरली असणार.

सुधन्वाने अहवालात लिहिलं, 'साठवण एक वर्ष. शेवटचे तीन महिने घरगुती फ्रीझर.'

"सर, वरून विचारतील."

"विचारू देत. हे लपवलं तर बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?"

वरून विचारलंच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हेमलताला लेखी ताकीद मिळाली. तिने ती दोनदा वाचून सही केली. खाली दुसरा कागद होता: यापुढे दर हंगामात पराग साठवावा, जबाबदारी हेमलता यांची. त्यावरही तिने सही केली, आणि चष्मा पुसून रिकाम्या नळ्या धुवायला घेतल्या.