ती लॉन्ड्रीची व्हॅन नव्हती

मिस्टर बॅराक्लफनी भिंग टेबलावर ठेवलं आणि निकाल देऊन टाकला. लॉन्ड्रीची व्हॅन, साल एकोणीसशे चोवीस, चला, पुढचा फोटो.

रोविना सटक्लिफ बघतच राहिली. आठवडाभर ती या मंगळवारची वाट बघत होती, आणि तिच्या फोटोला किती वेळ मिळाला, तर मिस्टर बॅराक्लफना मांसाचं सारण भरलेला एक 'पोर्क पाय' संपवायला लागतो तेवढा.

'ब्लॅक रॅम' पबच्या माडीवर दर मंगळवारी जमणाऱ्या या मंडळाचं काम काय, तर ओळखायचं. कुणाच्या तरी घरातून जुना फोटो येतो. पणजोबा टोपी चढवून एका धुडाच्या बाजूला उभे, धूड म्हणजे बस की व्हॅन की लॉरी तेही धड कळत नाही, फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं नाही. ही मंडळी पणजोबांकडे ढुंकूनही बघत नाहीत. चाकाचे नट मोजतात, दिवा कुठे अडकवलाय ते बघतात, रेडिएटरचे खांदे गोल की उतरते यावरून एकमेकांच्या अकलेचा उद्धार करतात, आणि मग सांगतात की ही गाडी अमक्या कारखान्याची, अमक्या सालातली. त्यातही मिस्टर बॅराक्लफ बोलले की विषय संपला. चाळीस वर्षं ते हेच करतायत आणि आजवर एकदाही शब्द मागे घेतलेला नाही, असं ते स्वतःच सांगतात आणि बाकीचे माना डोलावतात.

पण रोविनाने आणलेला फोटो कुणाच्या पणजोबांचा नव्हता. तो तिने स्वतः काढला होता, मोबाइलवर, हेटी क्रॅबट्रीच्या वरच्या शेतात. तिथे एका जुन्या गाडीची लाकडी बॉडी उभी होती, तिच्यात कोंबड्या राहायच्या, आणि कोंबड्यांच्या आधी तिच्यात माणसं बसायची असं रोविनाला आत पाऊल टाकल्या टाकल्या वाटलं होतं. का वाटलं ते तिला सांगता येईना. वाटलं बस्स.

आणि घाई होती. हेटीने शेत विकलं होतं, गुडघे गेले बिचारीचे, आणि नव्या मालकाला शेत मोकळं हवं होतं. पाच नोव्हेंबरच्या रात्री इंग्लंडात गावोगाव होळी पेटते, त्याने ती बॉडी त्या होळीला देऊन टाकली होती. गावची पोरं येऊन रोज जवळच लाकडं रचून जात होती, तुटक्या खुर्च्या, दारं, कुणाचा तरी पलंग. पाच तारीख पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती. मंडळाच्या शेडमध्ये मात्र एका गाडीपुरती जागा रिकामी होती. अट एकच, गाडी पहिल्या महायुद्धाच्या आधीची हवी. चोवीस सालची लॉन्ड्रीची व्हॅन म्हणजे होळीला एक ओंडका.

रोविनाने विचारलं, कशावरून चोवीस? मिस्टर बॅराक्लफनी फोटोवर टिचकी मारली. चाकं बघ. ही चाकं त्याआधी बनतच नव्हती. आणि बाजूला एवढं ढळढळीत 'लॉन्ड्री' लिहिलंय ते दिसत नाही का? त्यावर ती म्हणाली की शेत इथून चालत अर्ध्या तासावर आहे, तुम्ही एकदा येऊन बघा. माडीवरच्या सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने पाद्रीबाबांना नाचायला बोलावलंय.

"पोरी," मिस्टर बॅराक्लफ म्हणाले, आणि ते रागावले नव्हते, उलट समजूत घालत होते, "आपण फोटोवरून ओळखतो. वस्तूजवळ गेलं की माणूस तिच्या प्रेमात पडतो. मग त्याला जे हवं तेच दिसायला लागतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रोविना त्या रात्री घरी गेली तेव्हा तिच्या डोक्यात हेच घोळत होतं, की म्हातारा म्हणतो ते खरंच असेल तर? आपणही प्रेमात पडलोच आहोत की.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून ती शेतात गेली, सोबत कॅलमला घेऊन. कॅलम तिचा शाळेपासूनचा दोस्त, बांधकामाच्या परांच्या पोचवायचा ट्रक चालवतो, त्याला जुन्या गाड्यांचं काडीचं वेड नाही, पण रोविनाने बोलावलं की येतो आणि वाटभर कुरकुरतो. तिने त्याला सांगितलं, मी जे म्हणेन त्याच्या विरुद्ध बोलायचं. तो म्हणाला, त्यासाठी बोलावलंस होय, मग रोज ये म्हण.

आधी त्यांनी बाजूचा 'लॉन्ड्री' लिहिलेला पत्रा बघितला. कॅलमने बोट ठेवलं, हे बघ, लिहिलंय, विषय संपला. रोविनानेही बोट ठेवलं, पण खिळ्यावर. खिळा 'लॉ'च्या पोटातून आरपार गेला होता, रंगाचा टवका उडवून. पुढचा खिळाही तसाच, त्याच्या पुढचाही. म्हणजे आधी अक्षरं रंगवली आणि मग पत्रा इथे ठोकला. कुठला पेंटर आधी रंगवतो आणि मग स्वतःच्या अक्षरांत खिळे मारतो? हा कुठल्यातरी दुकानाचा जुना पत्रा होता, कोल्हा आत शिरू नये म्हणून मारलेला. त्यांनी एक कोपरा उचकटला. मागे खिडकी. काच नव्हती, पण काच सरकवायची खाच होती, अगदी शाबूत.

मग दोघं आत शिरले. कोंबड्यांनी आरडाओरडा केला, त्यातल्या एका तांबड्या कोंबडीने कॅलमच्या बुटावर जे करायचं ते केलं. फावड्याने घाण बाजूला सारली तशा तळाच्या फळ्या दिसायला लागल्या. लॉन्ड्रीच्या गाडीत टोपल्या मधोमध ओढतात, मग फळ्या मधोमध झिजायला हव्यात. इथे मधल्या फळ्या जाड होत्या. झिजल्या होत्या त्या दोन्ही बाजूंच्या, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन लांब पट्ट्यांत, गुळगुळीत, जिथे भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाचे पाय येतील तिथे. कॅलम विरुद्ध बोलायचं विसरला. तो खाली वाकला आणि त्याने त्या खळग्यावरून हात फिरवला.

"कितीतरी पाय," तो एवढंच म्हणाला.

पण चाकं? चाकं चोवीसचीच होती, त्यात वाद नव्हता. रोविना ओल्या गवतात पाठीवर झोपून बॉडीखाली सरकली, आणि तिथे तिला दिसलं की बॉडी त्या चाकांवर नुसती ठेवली होती. तारेने बांधलेली, एखादं बोचकं बांधावं तशी. आणि लाकडी चौकटीच्या चारही कोपऱ्यांना एकेक जाड लोखंडी कडं होतं. कडी आतून झिजली होती, आणि फक्त वरच्या अंगाला.

चहा प्यायला ते हेटीकडे गेले. हेटीने आल्याचा केक कापून पुढे ठेवला आणि या कड्यांचं विचारल्यावर म्हणाली, कड्यांचं मला माहीत नाही, पण कोठाराच्या तुळईला चार साखळ्या आहेत, टोकाला आकडे, आम्ही त्यांना डुकराचे खूर लटकवायचो. कोठार अजून तिचंच होतं. रोविनाने सुतळीने शेतातल्या कड्यांमधलं अंतर घेतलं, लांबीचं आणि रुंदीचं, आणि ती पळतच कोठारात गेली. सुतळी आकड्याला आकडा बरोबर बसली.

आता तिला सगळं दिसलं, आणि तुम्हालाही दिसेल. त्या काळात लॉरी परवडायची कुणाला? ज्याने घेतली तो तिच्याकडून सातही दिवस राबवून घ्यायचा. हेटीनेच सांगितलं, तिचा आजा आठवडाभर कोळसा वाहायचा. शनिवारी संध्याकाळी कोळशाची बॉडी उतरवायची, साखळ्यांनी टांगलेली बसची बॉडी खाली सोडून त्याच चासीवर, म्हणजे चाकं-इंजिनाच्या सांगाड्यावर बसवायची, आणि रविवारी गिरणीतल्या पोरीपोरांना समुद्रावर न्यायचं. सोमवारी पुन्हा कोळसा. मग चासी कुठे गेली? ते हेटीला पाठ होतं, तिच्या घरात हे गाऱ्हाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चौदा साली लढाई सुरू झाली आणि फौजेने आज्याची लॉरी नेली, दोन घोडेही नेले, आणि काहीच परत आलं नाही. लॉरी नेली ती कोळशाच्या बॉडीसकट. रिकामी बस कोठारात टांगलेली राहिली, वर्षानुवर्षं, आणि पुढे कुणीतरी ती भंगारातल्या चाकांवर ठेवून शेतात ओढली. चाकं दहा वर्षांनी धाकटी होती, एवढंच.

पुढच्या मंगळवारी रोविनाने हे सगळं माडीवर एका दमात सांगितलं, इतक्या भरभर की मध्येच तिला खोकला आला. लोक पुढे सरकले. कुणीतरी सुतळी मागितली आणि हातात धरून बघितली. मिस्टर बॅराक्लफ मात्र तिच्याकडे बघत नव्हते, मंडळाच्या मासिकाच्या नव्या अंकाकडे बघत होते. त्यात तो फोटो छापून आला होता, खाली त्यांच्या नावाने: लॉन्ड्रीची व्हॅन, १९२४.

चहाच्या वेळी त्यांनी तिला जिन्यापाशी बाजूला घेतलं. म्हणाले, पुरावा म्हणजे ऐकीव गोष्ट आणि सुतळी, पण तुझी तळमळ दिसते मला. अट सैल करू. शेडमधली जागा देतो, शनिवारच्या आत उचलून आणू, छप्पर मिळेल, निगा राहील. फक्त पाटी लागेल ती अंकात छापलंय तीच. रोविनाला हेच तर हवं होतं. होळी टळत होती. बॉडी वाचत होती. एक हो म्हटलं की झालं.

"आणि नंतर कधी पाटी बदलू?" तिने विचारलं.

"पाटी बदलत नसतो आपण."

"मग नको."

"जळून जाईल ती, पोरी."

"जळाली तर बस जळाली म्हणून सांगेन," रोविना म्हणाली. "तुमच्या शेडमध्ये ती लॉन्ड्री म्हणून जन्मभर उभी राहणार. माणसं बसली होती हो तिच्यात. त्यांचे पाय आहेत तिथे."

ती जिना उतरून खाली पबमध्ये गेली. तिथे कॅलम बिअर घेऊन बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, छान, आता गाडी ठेवणार कुठे, तुझ्या बाथरूममध्ये? पण पबची मालकीण लॉर्ना ग्लास पुसता पुसता ऐकत होती, आणि लॉर्नाचं मिस्टर बॅराक्लफशी जुनं वाकडं, कारण ते माडी फुकट वापरतात आणि वर चहा पांचट आहे म्हणतात. ती म्हणाली, मागच्या अंगणात पत्र्याची पडवी आहे. ईस्टरपर्यंत ठेव. त्यानंतर मला तिथे टेबलं लावायचीत, मग तुझं तू बघ.

शुक्रवारी दुपारी कॅलमने मालकाला न सांगता ट्रक आणला. कोंबड्या बाहेर यायला तयार नव्हत्या. हेटी काठी टेकत आली आणि एकेकीला शिव्या घालत तिने हाकललं. होळीची पोरं जमली, त्यांना वाटलं त्यांचं लाकूड चोरीला चाललंय, त्यातला एक तर चांगलाच गुरगुरला. रोविनाने त्याला आत नेलं आणि खळग्यांवर उभं केलं. तो बाहेर आला आणि कॅलमबरोबर साखळी ओढायला लागला. कड्यांत आकडे घातले, ट्रकची क्रेन कुरकुरली, तारा तोडल्या, आणि बॉडी त्या चाकांवरून उचलली गेली. एक कडं करकरलं, रोविनाने डोळे मिटले. कडं टिकलं. ज्या कामासाठी बनवलं होतं तेच काम होतं ते.

शनिवारी होळी पेटली तेव्हा ती अंगणात बॉडी घासत होती. कोंबड्यांचा वास काही केल्या जाईना.

मंगळवारी मंडळाची माणसं आली. माडीचा जिना अंगणातूनच वर जातो. पहिला थांबला, दुसरा थांबला. पत्रे काढलेले, खिडक्या उघड्या, आत दोन्ही बाजूंना कॅलमच्या परांच्यांच्या फळ्या बाकांसारख्या लावलेल्या. कुणीतरी विचारलं, बसून बघू का? रोविना म्हणाली, बसायलाच आहे. तो बसला, त्याचे पाय आपोआप खळग्यात गेले, आणि त्याने खाली बघितलं. मग त्याने शेजारच्याला ओढून बसवलं.

मिस्टर बॅराक्लफ सगळ्यांत शेवटी आले. हातात छत्री, बगलेत फोटोंचा खोका. त्यांनी बाहेरूनच बघितलं, बराच वेळ बघितलं. एकदा त्यांची नजर कोपऱ्यातल्या कड्यावर गेली आणि तिथेच अडकली, रोविनाला दिसलं ते.

"कारखाना कुठला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"साल?"

"चौदाच्या आधीचं. नक्की माहीत नाही."

"मग ओळखलंस काय तू?"

"बस," रोविना म्हणाली. "जागा आहे आत, या."

ते आले नाहीत. वर मीटिंगची वेळ झालीय, असं म्हणून ते जिना चढून गेले, आणि त्यांच्यामागून दोनतीन जण खाली मान घालून गेले. बाकीचे हलले नाहीत. पाऊस लागला होता, लॉर्नाने दारातूनच चहाची किटली आत सरकवली, आतला कोंबड्यांचा वास आणि चहाचा वास एक झाला. ट्रकच्या भानगडीवरून मालकाने कॅलमला आठवडाभर घरी बसवलं होतं, तो दाराशी बसून बिस्किटं खात होता. ईस्टरनंतर कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

रोविना मधोमध उभी राहिली, जिथल्या फळ्या अजून जाड होत्या. कुणाकडे आज फोटो आहे का, असं तिने विचारलं. एका म्हाताऱ्याने कोटाच्या खिशातून एक काढला, कसरीने कडा खाल्लेला, तपकिरी. तिने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं की ही गाडी आता कुठे आहे ते कुणाला ठाऊक आहे का, कारण उद्या सकाळी आपण तिथे जाऊ.