फीत कापेपर्यंत हलवू नका

मी एक जुनी, विजेवर चालणारी गाडी आहे आणि मला भयंकर राग आला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात, तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि शेवटी हात जोडतात. माझ्याकडून तसे काही होणार नाही. मला हात नाहीत, आणि असते तरी या मंडळींपुढे मी ते जोडले नसते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चार लहान चाके, वर छप्पर, बाजू मोकळ्या, समोरासमोर दोन बाके आणि बाकांखाली बॅटऱ्या, असे माझे साधे रूप. माझ्या तारा जोडणारी बाई कामाला फार काटेकोर होती. प्रत्येक जोड ती ओढून बघायची आणि शेजारणीला म्हणायची, "अगं, हिच्यात कुणी म्हातारं बसेल, कुणी आजारी बसेल. मधेच बंद पडली तर शिव्या आपल्याला पडतील." तिच्या हातगुणामुळे मी आजवर एकदाही मधेच बंद पडलेली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्याबद्दल नेमके उलटे लिहून ठेवले आहे.

तिथून मी एका विद्यापीठात आले. आवार ऐसपैस. फाटकातून आत आले की मैदान, मग ग्रंथालय, मग तळे आणि तळ्यामागे चढ. चढाच्या टोकाला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. मी येण्यापूर्वी या आवारात गाड्यांचा नुसता सुळसुळाट होता. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चहा प्यायला जायचे तरी प्राध्यापक मोटार काढत. वर्गाच्या खिडक्या उघडल्या की आधी धूर आत यायचा, मग वारा. हे थांबावे, आवारात धूर सोडणारे एकही वाहन राहू नये, म्हणून मला आणले. विचार चांगला होता. मी आजही म्हणते, चांगलाच होता.

मला चालवायला एक काका मिळाले. सगळे त्यांना खोकलेकाका म्हणत. त्याचे कारण मीच. माझा आवाज होत नाही आणि माझा भोंगा पहिल्याच वर्षी बिघडला. तो दुरुस्त करायला कुणाला सवड झाली नाही. मग पुढे चालणाऱ्या मुलांना बाजूला करायला काका मोठ्याने खोकत. मुले हसत हसत वाट देत. नवा आलेला एक प्राध्यापक तर काकांना औषध देऊ लागला होता.

ती वर्षे खरोखर सुखाची होती. हात दाखवेल त्याला काका बसवत. पुस्तकांचे गठ्ठे घेतलेली ग्रंथालयातली बाई, गुडघेदुखीने बेजार झालेले गणिताचे सर, घामाघूम झालेली मुले, सगळी माझ्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसत. आणि रोज सकाळी फाटकापाशी माझी वाट पाहत उभी असायची रसायनशास्त्राची एक मुलगी. लहानपणीच्या आजाराने तिचा एक पाय अधू झाला होता. ती कुबड्या घेऊन चालायची आणि तिची जीभ दोन्ही कुबड्यांपेक्षा भक्कम होती. वडील तिला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडत, पुढे वरपर्यंत मी. काका विचारत, "काय पोरी, आज काय जाळणार?" ती म्हणायची, "काका, आज फक्त सरांचं डोकं."

मग माझे कौतुक सुरू झाले, आणि तिथेच माझे वाटोळे झाले. विद्यापीठाला कसलेसे मानचिन्ह मिळाले. पाहुणे येऊ लागले. पाहुण्यांसाठी माझ्या बाकांवर पांढरे अभ्रे आले, बाजूंना पडदे आले. मुलांना सांगितले गेले की चालणे तब्येतीला चांगले असते. मोटारी हळूच परत आल्या. ज्या धुराविरुद्ध मला आणले होते, त्याच धुरात उभी राहून मी पाहुण्यांची वाट पाहू लागले. काका मात्र पडदे बाजूला सारून त्या मुलीला रोज वर नेत राहिले.

अशात 'शून्य धूर सप्ताह' आला. त्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या सरांना सगळे समन्वयक सर म्हणत. त्यांनी फर्मान काढले की शेवटच्या दिवशी आवारात एकही वाहन चालणार नाही. आणि वाहनांना पर्याय काय, हे लोकांना दिसावे म्हणून मला मैदानात लाकडी मंचावर चढवले. फुगे बांधले, फुले लावली, चाकांना विटा लावल्या. पुढे लाल फीत आणि शेजारी पाटी: 'फीत कापेपर्यंत हलवू नका'. माझी किल्ली सरांनी स्वतःच्या खिशात टाकली. माझा नव्याने जन्म झाल्यासारखे ते पुन्हा माझे उद्घाटन करणार होते. धूर न सोडणारे आवारातले एकुलते एक वाहन त्यांनी वाहनमुक्त दिनासाठी बंद करून ठेवले, मित्रांनो, आणि वर एकमेकांच्या पाठी थोपटल्या!

मंच फाटकासमोरच होता, त्यामुळे मला सगळे दिसत होते. वडिलांची स्कूटर आली. त्या दिवशी मुलीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रखवालदाराने हात आडवा केला.

"आज गाडी आत नाही. शून्य धूर आहे."

वडील म्हणाले, "अहो, हिला नुसतं वर सोडतो आणि उलट्या पावली येतो. परीक्षा आहे तिची."

"साहेबांचा हुकूम आहे. माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात मागून दोन लांबलचक मोटारी आल्या. रखवालदाराने फाटक सताड उघडले. वडिलांनी मोटारींकडे बोट केले. "आणि या?"

"त्यांच्या काचेवर पास आहे. ते वाहनमुक्त दिनाचे पाहुणे आहेत."

माझ्या अंगात आग पेटली. पण मी विटांमध्ये अडकलेली.

मुलीने वडिलांना परत पाठवले आणि ती सरळ मंचापाशी आली. काका नवी टोपी घालून माझ्या शेजारी शोभेला उभे होते. त्यांनी मान खाली घातली. "पोरी, किल्ली माझ्याकडे नाही गं."

समन्वयक सर माईक तपासत होते. ती त्यांना म्हणाली, "सर, मला प्रयोगशाळेपर्यंत सोडा. चढ मला कुबड्यांवर लवकर चढवत नाही. परीक्षा सुरू होईल."

"अगं, फीत कापायची आहे ना अजून."

"कधी कापणार?"

"प्रमुख पाहुणे आले की लगेच."

"ते कुठे आहेत?"

सरांनी घड्याळ पाहिले. "वाहतुकीत अडकलेत."

आता ती जीभ चालवणार, असे मला वाटले. पण परीक्षेच्या काळजीने तिचे तोंड सुकले होते. ती पायऱ्या चढून माझ्या बाकावर बसली. सर "उतर, उतर" म्हणून धावले, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "राहू द्या सर, फ्रेम मस्त दिसतेय." सरांचा चेहरा एकदम उजळला. ते मऊ आवाजात म्हणाले, "बस बाळा, बस. फीत कापली की पहिली फेरी तुझीच. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर ती थांबली. तेव्हाच निघाली असती तर धापा टाकत का होईना, वेळेत पोहोचली असती. मला बोलता येत असते तर ओरडून सांगितले असते, ऊठ मुली, या माणसाच्या शब्दाला चाके नाहीत. पण मला भोंगासुद्धा नव्हता.

पाहुणे आले. भाषण झाले. शुद्ध हवेवर बोलताना त्यांना वेळेचे भान राहिले नाही. मग तिच्यासोबत फोटो झाले, हसून, न हसता, अंगठा दाखवून. एकदाची फीत कापली. टाळ्या वाजल्या. आणि सर तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तू जरा उतर हं बाळा. पाहुण्यांना तळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणू दे. मग आहेच तुझी."

ती उतरली.  कुबड्या सावरून चढाकडे चालू लागली.

विटा काढल्या, किल्ली काकांच्या हातात आली. पाहुणे बसले, सर बसले, आणखी दोघे कोंबून बसले. तळ्याला वळसा घालून आम्ही चढाला लागलो, कारण पाहुण्यांना वरून देखावा बघायचा होता. अर्ध्या चढावर ती पुढे चालत होती. रस्ता अरुंद. तिची पाठ घामाने भिजलेली. सर म्हणाले, "खोकलेकाका, खोका की. बाजूला होईल ती."

काका खोकले नाहीत. त्यांनी ब्रेक दाबला आणि किल्ली फिरवून मला बंद केले.

"काय झालं?"

"बॅटरी संपली, साहेब. उतरावं लागेल."

पाहुणे नाइलाजाने उतरले आणि उतारावरून चहाच्या मांडवाकडे चालते झाले. सर त्यांच्यामागे माफी मागत पळाले. सगळे वळणाआड गेल्यावर काकांनी पुन्हा किल्ली फिरवली. "बस पोरी, लवकर." मी आयुष्यात कधी पळाले नाही तशी पळाले.

प्रयोगशाळेचे दार बंद होते. काकांनी जोरात ठोठावले तेव्हा परीक्षकांनी ते बोटभर उघडले. "उशीर झाला. नियम म्हणजे नियम."

"सर, मी खाली गाडीत बसले होते. गाडी हलवत नव्हते."

"मग चालत यायचं होतं," ते म्हणाले आणि दार लागले.

मुलगी रडली नाही. तिने कुबडी उचलून माझ्या पुढच्या पत्र्यावर आपटली. तिथे खोल पोचा आहे. मला त्याचा मुळीच राग नाही, हाणायला समोर दुसरे कुणी नव्हते. तिच्या नावापुढे गैरहजर असे लागले आणि अख्खे सत्र वाया गेले. ज्या दिवशी ती त्यांच्या फोटोसाठी सकाळभर हजर होती, त्या दिवशी गैरहजर!

पुढचे ऐका. तिचा माझ्यात बसलेला फोटो भला मोठा करून फाटकावर लावला. खाली लिहिले, 'धुराविना प्रवास, सर्वांसाठी'. आणि मला मोडीत काढले. बॅटरी खराब, असा शेरा मारला. काका दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले होते. म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे, सर. त्या पोरीसाठी मी खोटं बोललो." सरांनी दार लावून घेतले. "हे पुन्हा कुठे बोलू नका. पाहुण्यांसमोर बंद पडली म्हणजे पडली. त्यांनी नवीन गाडी मंजूर केलीय." काकांना बागेत पाणी घालायला पाठवले. मला चढाच्या कडेला, कार्यशाळेच्या भिंतीशी ढकलून ठेवले. माझी किल्ली सरांच्या कपाटात गेली.

आता मी गाडी नाही, बाक आहे. मुलगी रोज तो चढ पायी चढते आणि अर्ध्या वाटेत माझ्यावर बसून दम खाते. परवा ती अशीच बसली असताना समन्वयक सर शोधत आले.

"बरं झालं भेटलीस. नवीन गाडी येतेय. उद्घाटनाला तू हवीसच. लोक तुला फोटोमुळे ओळखतात."

"येईन की सर. मला घ्यायला गाडी पाठवा."

"त्या दिवशी गाडी कशी पाठवणार? ती मंचावर असणार ना."

ती कुबड्या टेकून उठली. "मग मंच पाठवा," म्हणाली आणि चढू लागली.  सरांना अजून बोलायचे होते, पण तिला तासाला पोहोचायचे होते.

मित्रांनो, माझी कहाणी ऐकून हळहळू नका. हळहळीने चाक फिरत नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या कॉलेजात माझ्यासारखी गाडी आली तर तिचे फोटो काढू नका, तिच्यावर निबंध लिहू नका, तिला फुगे बांधू नका. तिच्यात बसा. ज्याला चालवत नाही त्याला आधी बसवा. आणि मोठी माणसे तिला मंचावर चढवू लागली तर आडवे पडा.

काका दुपारी बागेतून येतात आणि कार्यशाळेतून तार ओढून मला चार्ज करतात, कारण वापराविना पडून राहिले तर मी खरोखरच मरेन. म्हणून सांगते, मी आत्ता भरलेली आहे. ती पोर आत्ता अर्ध्या चढावर आहे. तुमच्यापैकी कुणीतरी सरांच्या खोलीत जा आणि किल्ली मागा.